पोक्सो प्रकरणांतील ‘सहायक व्यक्तीं’साठीचे प्रशिक्षण: अभिप्राय

पोक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा. त्याखालील प्रकरणात, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकासोबत पोलीस ठाण्यापासून विशेष न्यायालयापर्यंत ‘सहायक व्यक्ती’ म्हणून उभे राहणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांसाठी मुंबईतील एक स्वयंसेवी संस्था दादर येथे शनिवार-रविवारी प्रशिक्षण वर्ग घेते. या वर्गात मी नुकतीच सहभागी झाले. वस्तीपातळीवर बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र त्यात एक मोठी उणीव आहे.

समाजकार्याच्या शिक्षणाची परंपरा मुंबईत जुनी आहे. आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात १९३६ मध्ये इथेच झाली आणि १९५५ पासून निर्मला निकेतन महाविद्यालयही कार्यकर्ते घडवत आले आहे. परंतु डॉक्टरांना किंवा वकिलांना जशी वैधानिक परिषद आणि नोंदणी असते, तशी आपल्या व्यवसायाला राष्ट्रीय पातळीवर नाही. त्यामुळे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) झाल्यानंतर पुढे काय शिकायचे, हे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या इच्छेवर आणि तिच्या निधीवर अवलंबून राहते. दरम्यान कायदे बदलत राहतात: २०१२ च्या पोक्सो कायद्याचे नियम २०२० मध्ये नव्याने आले आणि १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी अनेक कार्यालयांत जुनीच कलमे लिहिलेले नमुने वापरात दिसतात.

या वर्गाचे खरे बळ म्हणजे कायदा इथे कलमांची यादी म्हणून शिकवला जात नाही. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवायचा, ही पोक्सो कायद्याच्या कलम २४ मधील तरतूद आपल्याला ठाऊक असते. पण ठाणे अंमलदार ‘मुलीला इकडेच घेऊन या’ म्हणतात तेव्हा संबंध न बिघडवता ती तरतूद कशी मांडायची, याचा सराव रोलप्लेमधून करून घेतला गेला. प्रशिक्षक कधी वैतागलेला अधिकारी होत, कधी तक्रार मागे घ्यायला निघालेली आई होत, आणि आपण घाईने सल्ला देऊ लागलो की थांबवून विचारत, ‘ताई, तिने तुम्हाला सल्ला विचारला का?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

तातडीच्या मदतीवरील सत्र तर प्रत्येक संस्थेने ऐकावे असे होते. अन्न, कपडे, प्रवास अशा निकडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या बालकांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातील समिती) रक्कम देण्याची शिफारस करू शकते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ती द्यायची असते, असे पोक्सोचे नियमच सांगतात. आरोपी हाच घरातला कमावता असेल, तर याच रकमेवर त्या कुटुंबाचा पुढचा महिना आणि पुष्कळदा तक्रारीचे भवितव्यही ठरते. असे असूनही अर्जच होत नाहीत. इथे तो अर्ज मराठीत, पूर्ण लिहून घेतला आणि ओळ न् ओळ तपासला.

गोपनीयतेवरील चर्चा चांगली, पण थोडक्यात आटोपली. व्हॉट्सअॅपवरच्या संस्थांतर्गत गटात केसची माहिती टाकण्याची सवय सर्रास आहे, त्यावर याहून कडक भूमिका हवी होती. कार्यकर्त्याच्या मानसिक थकव्यावरचे सत्र मला सर्वांत दुबळे वाटले. श्वासाचे व्यायाम उपयोगी असतील. पण एकाच कार्यकर्तीकडे झेपणार नाहीत इतक्या केसेस असतील, तर तो प्रश्न कामाच्या वाटपाचा आहे आणि तो तसाच मांडायला हवा.

मोठी उणीव आहे ती पाठपुराव्याची. प्रमाणपत्र मिळते आणि संबंध संपतो. प्रत्यक्ष केसमध्ये पेच येतो तो नंतर, एखाद्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, आणि त्या वेळी अनुभवी व्यक्तीशी बोलण्याची सोय नसेल तर वर्गात कमावलेले कौशल्य हळूहळू विरते. महिन्यातून एकदा गटाने सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीसोबत चालू केसेसवर चर्चा, व्हावे, अशी लेखी सूचना मी आयोजकांना दिली आहे. तोवर कार्यकर्ते पाठवणाऱ्या संस्थांनी त्यांच्या पर्यवेक्षकालाही याच वर्गाला बसवावे, म्हणजे निदान कार्यालयात तरी त्याच भाषेत बोलणारे कोणी असेल.