डिजिटल मार्केटिंगचा कोर्स, प्रेसचं कार्ड आणि ७९,६८४ रुपये

बेळगावातल्या डिजिटल मार्केटिंगच्या एका क्लासने फसवून नेले एकूण ७९,६८४ रुपये. नोंदणीचे २,५००. कोर्सच्या फीसाठी झालेलं कर्ज ५९,००४. त्या कर्जाचं प्रोसेसिंग १,१८०. 'लाइव्ह प्रोजेक्ट'च्या जाहिरातींसाठी ६,०००. शेवटी 'तालुका प्रतिनिधी' किटचे ११,०००. पैसे बहिणीच्या घरातले, नाव भाच्याचं, आणि त्याचा मामा, म्हणजे मी, बेळगावात वर्तमानपत्रांच्या जाहिराती बुक करून पोट भरणारा. लाज वाटते ती या शेवटच्या गोष्टीची. पण अशी लाज धरून घरं गप्प बसतात, म्हणून तर हे लोक बोर्ड बदलून पुढच्या गल्लीत बसतात.

फुकट डेमो क्लास, 'आजच भरलं तर डिस्काउंट', भिंतीवर हसऱ्या पोरांचे फोटो, शंभर टक्के प्लेसमेंट, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ते परत सांगत नाही. आपल्या भागासाठी यांनी लावलेलं आमिष मात्र वेगळं आहे. 'मराठीत शिकलास, कन्नड बोलतोस, हिंदी येते, मीडियाला तूच पाहिजेस.' यातली अडचण अशी की हे खरं आहे. कोल्हापूरची मिठाई हुबळीत विकायची असो की बेळगावचा दवाखाना चंदगडपर्यंत पोचवायचा असो, दोन्ही भाषांत मजकूर लिहिणारा माणूस एजन्सीला लागतोच. निव्वळ थाप असती तर खानापूर-निपाणीची पोरं आत गेलीच नसती. शिवाय पुण्यात खोली, मेस, बसभाडं धरलं की इथली ४९,९९९ ची फी स्वस्तच वाटते. बहिणीला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करून बघावा.

आता कर्ज. काउन्सेलर बाई म्हणतात, 'फी हप्त्याने भरा, व्याज नाही.' पोराला वाटतं क्लासला हप्ते द्यायचेत. आधार, पॅन, एक सेल्फी, ओटीपी, झालं. प्रत्यक्षात फायनान्स कंपनी आपलं व्याज आधीच कापून उरलेली रक्कम एका झटक्यात क्लासला देते, 'बिनव्याजी'ची गोम तिथेच आहे, आणि ४,९१७ चे बारा हप्ते पोराच्या गळ्यात राहतात. क्लास बंद पडो, शिकवणारा पळो, तुम्ही सोडा, हप्ता थांबत नाही. त्याचं नातं क्लासशी नाहीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायला लागतो. त्यात वर्षाचा खरा दर, सगळे आकार आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव असतं, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवा. आमच्याकडे तो ओटीपी दिल्यानंतर रात्री ईमेलने आला, सगळा इंग्रजीत. अॅपवरच्या कर्जातून बाहेर पडायला किमान एक दिवसाची मुदत असते. मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज दिलं की दंड न भरता सुटता येतं. ही मुदत त्याच कागदात बारीक अक्षरांत लिहिलेली होती. म्हणून ओटीपी काउंटरवर बसून द्यायचाच नाही. 'घरी जाऊन देतो' म्हणा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

आणि मग ते बिल. त्याची आठवण आली की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. 'मामा, बघा, पक्कं बिल दिलंय की.' ४९,९९९, त्यावर केंद्राचे नऊ टक्के, राज्याचे नऊ टक्के, एकूण ५८,९९९. बेरीज बरोबर, टक्के बरोबर. हातात बिल आलं की धंद्यातला माणूस बेरीज तपासतो, मीही तेच केलं, आणि कुणीही तेच केलं असतं. पण जीएसटी नंबरची सुरुवात २७ ने होती. २७ म्हणजे महाराष्ट्र. आपलं कर्नाटक २९. कोल्हापूरच्या पेपराचं बिल २७ चं, इथल्याचं २९ चं, हे मी रोज बघतो! बेळगावात कायमचं ऑफिस थाटून शिकवता तर नंबर २९ चा पाहिजे. आणि महाराष्ट्रातून कर्नाटकात सेवा दिली असं म्हणायचं असेल तर कर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा एकच कर, लागतो, नऊ-नऊची फोड होतच नाही. म्हणजे बिल दोन्हीकडून खोटं.

पुढचं त्याहून सोपं आहे. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दहा म्हणजे पॅन. पूर्ण जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघायचं. सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकटा माणूस. बोर्डावर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि बिलावर पी. जीएसटीच्या साइटवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये लॉगिनशिवाय, फुकटात, दोन मिनिटांत कळतं. आम्ही टाकलं तेव्हा नोंदणी रद्द झालेली निघाली, आणि धंदा: तयार कपडे. करापोटी घेतलेले ९,००० सरकारला गेलेच नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

भिंतीवरच्या फ्रेमांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंद, आधार नंबरवर स्वतःच, फुकट करता येते. ती 'भारत सरकारची मान्यता' नव्हे. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, कोर्सच्या दर्जाला नाही. 'गूगलचं सर्टिफिकेट' म्हणून जे देतात त्याची परीक्षा स्किलशॉप या गूगलच्याच शिकवणीच्या साइटवर फुकट आहे, आणि गूगल अॅड्सचं सर्टिफिकेट वर्षभरच चालतं. हबस्पॉट अकादमीचंही फुकट. ज्याला शिकायचंय त्याने आधी हे उरकावं, मग पैसे देऊन काय जास्तीचं मिळणार ते विचारावं.

'लाइव्ह प्रोजेक्ट'ची गंमत बघा. पोरांना सांगितलं, आपापल्या फेसबुकवरून अॅड अकाउंट उघडा, स्वतःच्या यूपीआयवरून पैसे भरा, क्लायंटची जाहिरात चालवा, अनुभव मिळेल. हा 'क्लायंट' म्हणजे क्लासची पुढची बॅच! भाच्याच्या ६,००० रुपयांत पुढची पोरं गळाला लागली. वर 'नोकरीची हमी' लिहिल्यामुळे फेसबुकने निर्बंध घातले ते भाच्याच्या आयडीवर. त्या आयडीवरून आता जाहिरात चालत नाही, म्हणजे ज्या कामासाठी कोर्स केला त्याच कामाला तो मुकला. रीत अशी आहे: अकाउंट क्लायंटच्या बिझनेस खात्यात उघडायचं, कार्ड क्लायंटचं, आणि काम करणाऱ्याला फक्त प्रवेश द्यायचा. काम संपलं की प्रवेश काढायचा. जो शिक्षक पोराचं कार्ड लावायला सांगतो त्याने एजन्सीत एक दिवस काम केलेलं नाही.

त्यांच्या 'रिझल्ट'च्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. ब्राउझरमध्ये उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' केलं की पडद्यावरचा आकडा कुणालाही बदलता येतो. समोर चालू अकाउंट उघडायला लावा, आणि तारखा तुम्ही सांगा. फेसबुक पेजची 'ट्रान्स्परन्सी' उघडून बघा. पेज कधी उघडलं, आधी कुठल्या नावाने होतं, सगळं दिसतं. यांच्या पेजचं जुनं नाव साड्यांच्या सेलचं होतं.

शिक्षकाला एक साधं गणित घाला. ८ सेंटीमीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच जाहिरात, छापील पेपरात, बिल कसं होईल? ८० चौरस सेंटीमीटर गुणिले दर, त्यावर ५ टक्के जीएसटी. तीच जाहिरात डिजिटलला दिली तर १८ टक्के. आयएनएस या वर्तमानपत्रांच्या संघटनेची मान्यता असलेल्या एजन्सीला पेपराकडून १५ टक्के कमिशन मिळतं, म्हणजे धंद्यातला पैसा जाहिरातदार आणि पेपर यांच्याकडून येतो. कामाला ठेवलेल्या पोराकडून डिपॉझिट घ्यायचं कारणच काय?

आता प्लेसमेंट. ती होती एका यूट्यूब चॅनलची 'तालुका प्रतिनिधी' ही जागा. ११,००० रुपयांत ओळखपत्र, गळ्यातली पट्टी, चॅनलच्या नावाचा माइक आणि एक पत्र, 'भारत सरकार नोंदणीकृत'. पगार नाही. महिन्याला १५,००० च्या जाहिराती आणायच्या, वाढदिवस, पंचायत सदस्यांच्या शुभेच्छा, सोसायटीच्या निवडणुका, त्यातलं कमिशन घ्यायचं. सरळ सांगतो: नियतकालिकांची नोंदणी पूर्वी आरएनआय हे केंद्राचं कार्यालय करायचं. १ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याखाली प्रेस रजिस्ट्रार जनरल करतात. हे कार्यालय कुणालाही प्रेस कार्ड देत नाही आणि कधी देतही नव्हतं. यूट्यूब चॅनल त्या नोंदणीत बसतच नाही. उपग्रह वाहिन्यांना परवानगी माहिती आणि प्रसारण मंत्रालय देतं, यादी त्यांच्या साइटवर आहे. कर्नाटकात पत्रकारांची अधिस्वीकृती राज्याचं वार्ता खातं देतं, ती विकत मिळत नाही. अशी पट्टी गळ्यात घालून गावात 'जाहिरात द्या' म्हणत फिरणारं पोर उद्या कुणाशी वाजलं तर खंडणीच्या कलमात सापडेल, आणि चॅनलवाला म्हणेल, ओळखत नाही. आम्ही किट परत दिलं. पैसे नाही आले.

खऱ्या पेपरात बातमीदार म्हणून शिरणारा पोरगा गावच्या बातम्या पाठवून सुरुवात करतो, बातमीमागे मानधन थोडं मिळतं. पण तो पैसे देत नाही. एवढं एक लक्षात ठेवलं असतं तरी ११,००० वाचले असते.

आणि आता साहेब लोक. पोरगा खानापूर तालुक्यातला, म्हणजे जिल्हा पोलीस. क्लास शहरात, म्हणजे आयुक्तालय. पैसे गेले ते खातं कोल्हापूरचं. या तिघांत आमचा चेंडू झाला. शहरातलं ठाणं म्हणालं, 'हे सिव्हिल मॅटर आहे, फी दिलीय, शिकवलंय.' तालुक्याचं म्हणालं, गुन्हा शहरात घडला. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात गेलो तर, 'घटना कर्नाटकातली, तुमच्याकडेच करा की.' तक्रार मराठीत नेली म्हणून परत पाठवलं, कन्नडमध्ये टाइप करून आणली तर साहेब बंदोबस्ताला. नाळे बर्री, म्हणजे उद्या या. अधिवेशन आहे, नाळे बर्री. एक नोव्हेंबर, त्यांचा राज्योत्सव नि आपला काळा दिवस, जवळ आलाय, नाळे बर्री. सीमाप्रश्नावर दोन्ही सरकारं एकमेकांच्या उरावर बसतात, प्रत्येक गाव आपलं म्हणतात, आणि आमच्या फसवणुकीची केस मात्र दोघांनाही नको! शिक्षण खातं म्हणतं, असल्या क्लासना आमची मान्यता लागत नाही. बँक म्हणते, यूपीआय तुम्हीच केलंय. फायनान्स कंपनीचा तर एकच पाढा, 'ओटीपी तुमचाच आहे ना, सर?' आणि हप्ता चुकला की पहाटेपासून फोन. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोन करणाऱ्याला तो ऐकवला तर हसला. त्यामुळे वेळेसकट कॉल लॉगचे फोटो काढून ठेवा, पुढे लागतात.

हद्दीचं कारण कायद्यात टिकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची. नाही घेतली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवायची, तरीही काही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. फसवणुकीचं कलम न्यायसंहितेत ३१८ आहे. तोंडी काही सांगू नका. अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा. दुसऱ्या दिवशी केला तर बहुतेक वेळा फक्त नोंद होते, पैसे पुढे निघून गेलेले असतात.

हप्त्याचं ई-मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, बँकेत जाऊन नुसतं बंद करू नका. बंद होतं, पण कर्ज तसंच राहतं, दंड चढतो, पोराचा सिबिल जातो आणि उद्या खऱ्या शिक्षणाला कर्ज मिळत नाही. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा की क्लास बंद आहे, सेवा मिळालेली नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, चौकशीचा नंबर १४४४८.

आम्ही शेवटी ग्राहक आयोगाचा रस्ता धरला. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कोल्हापूरचं खातं, पुण्याचा पत्ता, काही आड येत नाही. पाच लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं. क्लासबरोबर फायनान्स कंपनीलाही प्रतिवादी करा, नाहीतर निकाल लागेल आणि हप्ते चालूच राहतील. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. ज्यांच्याकडे २७ ने सुरू होणारं, नऊ-नऊची फोड असलेलं बेळगावच्या क्लासचं बिल असेल त्यांनी मूळ बिल कुणालाही देऊ नये, झेरॉक्स द्यावी. 'फी परत करतो, बिल घेऊन या' असा फोन काहींना आलेला आहे.