क्रूझवर रात्रीचं जेवण: फिक्स टाइम, कधीही या, का सरळ बफे?

क्रूझ बुक करताना एजंट केबिनचं विचारते, खिडकी पाहिजे का बाल्कनी, आणि आपण सगळी अक्कल तिथंच खर्च करतो. मग शेवटी हळूच विचारते, "डिनर फिक्स टाइम का फ्लेक्सिबल?" आणि आपण म्हणतो, टाक ना बाप्पा काहीपण, जेवणच तं आहे. तिथंच घोळ होते. कारण केबिनमध्ये आपण झोपायपुरतेच असतो, पण जेवण रोज संध्याकाळी असते आणि ते कधी सुरू होणार न किती वेळ चालणार यावर अख्खी संध्याकाळ ठरते. आर्वी-पुलगावकडचे, दारव्हा-दिग्रसकडचे बरेच जण तूर घरात आली की फेब्रुवारी-मार्चमध्ये आईवडलांना घेऊन बोटीवर जायचं म्हणून राहिले, त्यांच्यासाठी हे लिहितो. जेवण चवीला कसं असते हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो, पहिला प्रश्न वेगाचा आहे.

आधी काय काय असते ते पटकन. मोठ्या बोटींवर एक मेन डायनिंग रूम असते, तिथं टेबलावर आणून वाढतात, आधी स्टार्टर, मग मेन, मग गोड, आणि हे सगळं तिकिटात धरलेलं. त्यात दोन प्रकार. फिक्स म्हणजे दोन सिटिंग, पहिली साडेपाच-सहाच्या सुमाराची, दुसरी आठ-साडेआठची, रोज तेच टेबल न तेच वेटर. फ्लेक्सिबल म्हणजे डायनिंग रूम उघडी असेपर्यंत कधीही जा, याला रॉयल कॅरिबियन कंपनीवाले 'माय टाइम' म्हणतात, प्रिन्सेसवाले 'एनीटाइम', कार्निव्हलवाले 'युअर टाइम', नावं वेगळी पण गोष्ट एकच. नॉर्वेजियन नावाच्या क्रूझ कंपनीनं तं 2000 मध्येच 'फ्रीस्टाइल' आणून फिक्स टाइमची भानगडच काढून टाकली. याशिवाय बफे, आणि वरून पैसे भरून खायची स्पेशॅलिटी रेस्टॉरंटं.

आता वेग. मेन डायनिंग रूममध्ये एका जेवणाला दीड तास धरून चाला, टेबल मोठं असेल तर दोन तास. गावाकडं आपली सवय काय, सात-साडेसातला ताट आलं की वीस मिनिटात हात धुऊन मोकळे, मग अंगणात गप्पा. तिकडं उलटं आहे, गप्पा ताटावरच मारायच्या असतात. मेन्यू वाचायला दहा मिनिटं, ब्रेडची टोपली येते, मग स्टार्टर, मग मधे सुन्न शांतता, आणि आपले आबाजी विचारतात, "काऊन रे, संपलं का जेवण?" वेटर आळशी नसतो बरं, त्याच्याकडं एकाच वेळी बरीच टेबलं असतात, आणि सगळी खोली एकदमच बसली की सगळ्यांच्या ऑर्डरी एकदमच किचनमध्ये जातात, मग ताटंही लाटेनं येतात.

एक बारीक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. टेबलावरच्या सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय बहुतेक वेटर पुढचा पदार्थ आणत नाहीत. आणि झालं हे त्यांना कळते कशावरून, तं काटा न चमचा प्लेटमध्ये शेजारी शेजारी आडवे ठेवले यावरून. आपण चमचा प्लेटच्या काठावर तिरपा टेकवून गप्पा मारत बसलो की त्याला वाटते अजून खाऊन राहिले, तो लांबूनच पाहून परत जाते, न आठ जणांचं टेबल एका चमच्यापायी खोळंबते. चमचे नीट ठेवा, वेटरला बसल्याबसल्या सांगा की आम्हाला साडेसातचा शो पाहायचा आहे किंवा घरात शुगरचं माणूस आहे, जरा लवकर आणा, ते खरंच आणतात. स्टार्टर सोडून सरळ मेन मागितलं तरी चालते, कोणी वाईट मानत नाही.

फिक्स टाइमचा खरा फायदा वेळ नाही, माणूस आहे. ही आपल्या पंगतीसारखीच गोष्ट, वाढपी ओळखीचा असला की पोटभर जेवण होते. पहिल्या दिवशी सांगितलं की आई माळकरी आहे, अंडं-मासे काही नाही, एकादशीला कांदा-लसूणही नाही, की दुसऱ्या दिवशीपासून तो स्वतःहून सांगते की हे केक अंड्याचं आहे, या गोडात जिलेटिन (जनावराच्या हाडा-कातड्याचं) आहे, हे नका घेऊ. तिसऱ्या दिवशी तं हिरव्या मिरच्या चिरून बशीत आणून ठेवते न मागता. बोटींवर गोव्याचे, मुंबईचे बरेच वेटर असतात, हिंदी चालून जाते, त्यामुळं इंग्रजीची धास्ती घेऊ नका. आणि बऱ्याच मोठ्या बोटींवर हेड वेटरला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तं दुसऱ्या दिवशी भारतीय शाकाहारी भाजी, डाळ करून देतात, मेन्यूवर नसली तरी. फ्लेक्सिबलमध्ये हे होत नाही असं नाही, पण रोज टेबल वेगळं, वेटर वेगळा, रोज पहिल्यापासून रामायण सांगा लागते. काही ठिकाणी तुम्ही त्याच वेटरचा भाग मागून घेऊ शकता, जागा असली तर देतात.

पण फिक्सचा तोटाही सांगतो. पहिली सिटिंग सहाची म्हणजे ज्या दिवशी बोट बंदराला लागली त्या दिवशी तुम्ही पाच वाजता पाय दुखवून परत येणार, अंघोळ, कपडे, न लगेच जेवायला पळा, भूकही लागलेली नसते कारण चार वाजता चहा न भजी झालेली असते. दुसरी सिटिंग साडेआठची म्हणजे उठायला साडेदहा, आणि ज्या माणसाची रात्र नऊला सुरू होते तो गोडाची वाट पाहत खुर्चीतच डुलक्या घेते. म्हाताऱ्या माणसांसोबत दुसरी सिटिंग घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत. पोरंसोरं, नवीन जोडपी यांना ती बरी, आधी शो पाहून मग निवांत जेवण, कारण शोच्या वेळाही तशाच जुळवलेल्या असतात, पहिल्या सिटिंगवाल्यांना उशिराचा शो न दुसऱ्यावाल्यांना लवकरचा.

फ्लेक्सिबल ऐकायला सगळ्यात चांगलं वाटते, स्वातंत्र्य वगैरे. प्रत्यक्षात सात ते साडेसातला सगळ्या बोटीलाच एकदम स्वातंत्र्य आठवते आणि दारात लाइन लागते. दोघं असाल तर लवकर नंबर लागते, पण चुलते-मालते धरून दहा जण असाल तर दहाचं टेबल रिकामं होईपर्यंत उभं राहा, किंवा पाच-पाच करून बसा, मग भांडण की आजी कोणाच्या टेबलावर. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपवर आता वेळ बुक करता येते, पण मग ते फिक्सच झालं ना. साडेपाचला किंवा साडेआठनंतर गेलं तर मोकळं असते. माझा हिशोब सरळ आहे, सहापेक्षा जास्त माणसं असली की फिक्स, कारण टेबल आधीच नावावर असते.

बफेबद्दल आपल्याकडं दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणते लग्नातल्यासारखं प्लेट घेऊन फिरायचं तं एवढे पैसे कायले भरले, दुसरा म्हणते डोळ्यानं पाहून घेता येते, आवडलं नाही तं दुसरं घ्या, अर्ध्या तासात मोकळे. दोघंही बरोबर आहेत. वेगात बफेला तोड नाही. सकाळी बंदरावर उतरायचं असते तेव्हा डायनिंग रूममध्ये नाश्त्याला बसणं म्हणजे बस चुकवायची तयारी, त्या दिवशी बफेच. दाल-भात किंवा एखादी करी बऱ्याच बोटींच्या बफेत दिसते. पण माळकरी माणसासाठी बफेत एक अडचण आहे, चमचे. शेजारच्या भांड्यात चिकन, या भांड्यात भाजी, न कोणीतरी परदेशी बाई निर्मळ मनानं चिकनचा चमचा भाजीत घालून जाते. आई प्लेट हातात घेऊन त्या चमच्याकडं पाहत उभी राहते, बोलत काही नाही, पण प्लेटमध्ये मग फक्त फळं न ब्रेड. अशा वेळी काउंटरमागच्या कुकला सांगा, आतून ताजं आणून देते. शिवाय बोट हलत असली की म्हाताऱ्या माणसानं भरलेली प्लेट घेऊन जागा शोधत फिरणं बरं नाही, एकानं जागा धरा, एकानं आणून द्या. बफे रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला आवरतात, त्यानंतर पिझ्झा-बर्गरच्या भरवशावर राहा लागते.

आणि बफेत शिरताना हात साबणानं धुवा, दारात कोणी सॅनिटायझरचे थेंब देतात तेवढ्यावर भागवू नका. बोटीवर जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस लय झपाट्यानं पसरते आणि सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही.

स्पेशॅलिटी रेस्टॉरंटबद्दल थोडक्यात. वरून पैसे, त्यावर बहुतेक ठिकाणी 18-20 टक्के सर्व्हिस, न जेवण मुद्दाम सावकाश, दोन-अडीच तास. मांस-मासे खाणाऱ्या दोघांना एखाद्या संध्याकाळी ठीक, शाकाहारी घराला तिथं स्टेकचे पैसे भरून बटाटा खायची हौस असेल तं जा.

पैशाचा एक गैरसमज काढतो. बफेतच खाल्लं तर टिप वाचते असं वाटते, तसं नाही. मोठ्या परदेशी कंपन्या माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर टिप आपोआप बिलात लावतात, तुम्ही कुठंही जेवा. डायनिंग रूममध्ये दुसरी प्लेट मागितली तर बऱ्याचदा फुकटच मिळते, पण काही कंपन्या आता जास्तीच्या मेन डिशचे पैसे लावायला लागल्या, विचारून मागा. साधं पाणी, साधा चहा-कॉफी तिकिटात, कोल्ड्रिंक न दारू वेगळी. घरून रांधून नेलेले डबे चढतानाच काढून घेऊ शकतात, किटली न इंडक्शन तं बहुतेक कंपन्या चालूच देत नाहीत, आगीच्या भीतीनं. पॅकबंद चिवडा, शेंगदाण्याची चटणी चालते. फक्त ती घेऊन परदेशी बंदरावर उतरू नका, तिकडं खाण्याच्या वस्तूंची तपासणी कडक असते.

मुंबईहून जाणारी कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ घेणार असाल तर एवढं डोकं लावायची गरजच नाही. तिची एम्प्रेस ही बोट 1990 ची, आधी रॉयल कॅरिबियनकडं असलेली, 2021 पासून इथं चालते. प्रवासी बहुतेक आपलेच, शाकाहारी-जैन जेवणासाठी झगडा लागत नाही, आणि दोन-तीन रात्रींच्या गोवा फेरीत वेटरशी ओळख होईपर्यंत उतरायची वेळ येते. तिथं बफेत आरामात जेवा, फक्त गर्दीची वेळ टाळा. सिंगापूरहून किंवा युरोपात पाच-सात रात्रींची घेणार असाल तर मात्र ठरवून घ्या: घरात म्हातारी माणसं, माळकरी, मोठं कुटुंब यापैकी काहीही असेल तर फिक्स, पहिली सिटिंग, न बंदराच्या दिवशी ती सोडून बफे. जेवायला नाही गेलं तरी दंड नसतो, फक्त आदल्या दिवशी वेटरला सांगून ठेवा म्हणजे तो वाट पाहत नाही. दोघंच असाल आणि खाण्याचे नखरे नसतील तर फ्लेक्सिबल. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच लिहून द्या, बोटीवर चढल्यावर सांगू म्हणाल तर पहिल्या रात्री उकडलेल्या भाज्यांवर भागवा लागू शकते.

बुक करताना चुकीची सिटिंग पडली असली तरी बदलता येते. बोटीवर चढल्या चढल्या सगळे बफेकडं धावतात, रात्रभर विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून आलेल्या माणसाला भूक तं लागणारच. पण तुमच्यापैकी एकानं आधी डायनिंग रूमच्या दारात जाऊन हेड वेटरला गाठा, वेळ न टेबल बदलून मागा, दुपारी यादीत जागा असते न संध्याकाळी नसते. बाकीच्यांना बफेत खिडकीजवळची जागा धरायला लावा.