कोंग्सफ्योर्डच्या हिमनद्या किती आटल्या: १९०६चा नकाशा घ्यावा की १९३६चे फोटो?

गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत स्वालबार्डच्या (आर्क्टिकमधला नॉर्वेचा द्वीपसमूह) 'हिमाद्री' या भारतीय संशोधन तळावर जाणाऱ्यांचं बरंचसं काम कोंग्सफ्योर्ड या खाडीभोवतीच चालतं. तिथली एखादी हिमनदी शंभरेक वर्षांत किती आटली हे मांडायचं, तर जुने आधार मुख्यतः दोन. दोन्ही नॉर्वेजियन, पण एकाचं काम दुसऱ्याला सांगू नये.

पहिला गुन्नार इसाक्सेन या लष्करी अधिकाऱ्याच्या १९०६–०७च्या मोहिमांचा. पाठीशी मोनॅकोचे प्रिन्स अल्बर्ट पहिले होते. मोजणी जमिनीवरून, त्यामुळे किनारा आणि समुद्राला भिडलेली बर्फाची कडा यांवर भरवसा ठेवता येतो. आतल्या बर्फाच्या उंचीसाठी मात्र मी हा नकाशा वापरणार नाही. जिथे माणूस पोचला नाही, तिथली रेषा अंदाजाचीच.

दुसरा आधार १९३६चा. विमानातून तिरके फोटो घेतले ते १:१,००,००० नकाशे काढण्यासाठी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: छापील नकाशा आणि मूळ फोटो ही दोन वेगळी साधनं आहेत. नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) पांढऱ्याशुभ्र बर्फावर कच्च्या असतात, कारण दोन फोटोंत जुळवायला खूणच सापडत नाही. शिवाय छपाईचं साल म्हणजे मोजणीचं साल नव्हे. या घोटाळ्यात भलेभले फसतात. तिरक्या फोटोंतही डोंगरामागचा भाग झाकलेलाच राहतो. तरी संगणकावर त्यांच्यातून पुन्हा उंची काढता येते. २०२२च्या एका अभ्यासात १९३६ आणि १९३८चे सुमारे ५,५०० फोटो वापरून १,५९४ हिमनद्यांचा जुना पृष्ठभाग उभा केला गेला. तुलनेला नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेचं अलीकडचं उंची-मॉडेल, म्हणजे ठिकठिकाणच्या उंचीचा संगणकीय नकाशा, फुकट मिळतं. फक्त दोन्हींची संदर्भप्रणाली, म्हणजे स्थान आणि उंची कुठल्या पायापासून मोजली ते, आधी जुळवा.

म्हणजे बर्फाची जाडी किती घटली हा प्रश्न असेल, तर १९३६चे फोटो घ्या, कष्ट जास्त पडले तरी. फक्त कडा कुठे होती एवढंच हवं असेल, तर इसाक्सेन पुरे, आणि तो तीस वर्षं आणखी मागे नेतो.

जुन्या नकाशांवर कोंग्सफ्योर्डमधलं ब्लूमस्ट्रांडहाल्वोया द्वीपकल्प दिसलं म्हणून ते नकाशे चूक ठरवू नका. १९९०च्या दशकात बर्फ मागे हटला तेव्हा कळलं की ते बेट आहे. नावातलं 'हाल्वोया', म्हणजे द्वीपकल्प, अजून तसंच आहे.