रेनमीटर, सात महिन्यांनी: काम चोख, पण त्या एन्कोडिंगनं जीव खाल्ला

परवा दुपारी लाईट गेली, यूपीएसनं मान टाकली. कॉम्प्युटर परत चालू केला तर दरपत्रकातलं कन्नड गायब. म्हणून लिहायला बसलोय.

खानापुरात आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. रेनमीटर म्हणजे विंडोजच्या डेस्कटॉपवर आपल्याला हवी ती माहिती मांडणारं सॉफ्टवेअर. घेतलं ते फुकट म्हणून, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइकाकडं तोंड केलेला जुना मॉनिटर आहे, त्यावर झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंगचे दर. बटण दाबलं की मराठी जातं, कन्नड येतं.

पहिला आठवडा नुसत्या शिव्या. नोटपॅडात 'झेरॉक्स' लिहिलं, स्क्रीनवर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी 'ए'ची रांग. आईनं डोकावून विचारलं, "ही कुठली भाषा रे?" मंगल फॉन्ट लावला, निर्मला लावला, रात्रीचे अकरा वाजले. रोग वेगळाच होता. देवनागरी असलेल्या स्किनची, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीची, फाईल यूटीएफ-१६ एलई या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) लागते, आणि विंडोज १० चं नोटपॅड २०१९ पासून नवी फाईल गुपचूप यूटीएफ-८ मध्ये ठेवतं. 'सेव्ह ॲज'च्या तळाशी एक बारका रकाना आहे, तेवढा बदलायचा. बस्स! तेव्हा सगळं खापर रेनमीटरवर फोडलं होतं, आता निम्मं नोटपॅडवर. निम्मं अजून तिथंच आहे. मला तरी कुठं साधा इशारा दिसला नाही.

मीटरस्टाईल या सोयीला मात्र पैकीच्या पैकी. फॉन्ट, आकार, रंग एकदाच शैलीत लिहिले, एकोणीस ओळींत तिचं नुसतं नाव दिलं. नंदगडहून उताऱ्याची झेरॉक्स मारायला आलेले काका म्हणाले, "काय वो, दिसतच नाही की." ते सुट्टे काढेपर्यंत १४ चे १८ केले, रिफ्रेश मारलं, सगळ्या ओळी मोठ्या. उधारी बंदची ओळ तेवढी लाल हवी होती, तर तिच्यापुरता रंग वेगळा लिहिला; शैलीपेक्षा ओळीचं स्वतःचं लिहिलेलं वरचढ ठरतं. निर्मला यूआयमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही असल्यानं शैलीही एकच पुरली.

आता परवाचं. मराठी ओळींचा एक ग्रुप, कन्नडचा दुसरा, बटणावर दोन्हींचं टॉगलमीटरग्रुप, म्हणजे दिसणारं लपवायची आणि लपलेलं दाखवायची आज्ञा. पण टॉगल तात्पुरतं असतं. स्किन नव्यानं लोड झाली की फाईलमध्ये 'हिडन' (ओळ लपवायची की नाही) जसं लिहिलंय तसंच दिसणार, आणि माझ्या फाईलमध्ये कन्नड लपलेलं. मग हिडनचे आकडे व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या बदलत्या किमतीत, नेले आणि बटणावर फाईलमध्येच नवा आकडा लिहिणारी राइटकीव्हॅल्यू आज्ञा लावून मागोमाग रिफ्रेश. आता मेन स्विच पाडून बघितला तरी कन्नड जागेवर.

यूपीएसची बॅटरी मात्र बदलायलाच हवी. भाव विचारून आलोय, म्हणूनच आणखी एक महिना ढकलतोय.