बिल्डरूटमधे स्वतःचं पॅकेज घालणं : वापरून झाल्यावरचं स्पष्ट मत

बिल्डरूट म्हणजे छोट्या बोर्डासाठी अख्खं लिनक्स सोर्स कोडपासून बनवून देणारी बिल्ड सिस्टम, आणि पॅकेज म्हणजे त्यात घालायचा एकेक प्रोग्राम किंवा लायब्ररी. ज्यांना फक्त निकाल पाहिजे त्यांच्यासाठी, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येतंच.

आमचं काम गोव्यात वेर्ण्याला, ट्रॉलरवर बसवायची एक पेटी आहे, बर्फाच्या कप्प्याचं टेंपरेचर आणि जीपीएस लिहून ठेवते, आत एआरएम बोर्ड आणि लिनक्स. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे कुटबणच्या जेटीवर होड्या निवांत मिळतात त्या तेवढ्याच, आणि नवीन सॉफ्टवेअर चढवायचं ते सगळं त्या पावसातच. त्यामुळे बिल्ड सिस्टम साधी हवी, रात्री काहीतरी फुटलं तर कुणालाही उघडून वाचता आली पाहिजे.

जीपीएसडी, मॉस्किटो, बिझीबॉक्स वगैरे बिल्डरूटमधे आधीपासून आहेतच, मेनूकॉन्फिगमधे (पॅकेज निवडायच्या मेनूत) टिक मारली की झालं, त्यावर रिव्ह्यू काय लिहायचा. खरी परीक्षा आपला स्वतःचा प्रोग्राम आत घालताना होते.

आणि तिथे यात जादू काहीच नाही, मला तेच आवडलं. पॅकेजच्या नावाचा एक फोल्डर, त्यात एक कॉन्फिग.इन (मेनूत काय दिसायचं ते), एक .एमके फाईल (बिल्ड कसं करायचं ते), आणि कोड बाहेरून डाऊनलोड होणार असेल तर एक .हॅश फाईल, ज्यात शा-256 (त्या फाईलचा ठसा) लिहायचा, जुळला नाही तर बिल्ड तिथेच थांबतं. एमकेमधे व्हर्जन, साईट (कोड कुठून आणायचा), लायसन्स, डिपेंडन्सी (आपल्या आधी बनायला हव्यात त्या लायब्ररी), आणि शेवटी एक इव्हॅलची ओळ, जी कुठल्या प्रकारचं पॅकेज ते सांगते. आमचं सीमेक आहे म्हणून सीमेक-पॅकेज, तुमचं ऑटोटूल्स, मेसन, पायथन, गो, रस्ट काही असेल तर त्याचं वेगळं आहे. क्रॉस कंपायलर (पीसीवर बसून बोर्डासाठी बनवणारा) कुठला, सिसरूट (बोर्डाच्या लायब्ररी आणि हेडरचा फोल्डर) कुठे, इन्स्टॉल कुठे करायचं हे सगळं ती एक ओळ बघते. नुसती हाताने लिहिलेली मेकफाईल (मेक या जुन्या बिल्ड टूलची फाईल) असेल तर जेनेरिक-पॅकेज घ्या, मग बिल्ड आणि इन्स्टॉलच्या कमांड स्वतः लिहाव्या लागतात, तेही दहा-बारा ओळींचं काम.

कंपनीचा कोड असेल तर बिल्डरूटच्या मूळ फोल्डरला हात लावूच नका. बीआर2-एक्स्टर्नल नावाची सोय आहे, आपला वेगळा फोल्डर, वेगळा गिट, पुढच्या वर्षी बिल्डरूट अपडेट करताना मर्जची कटकट नाही. डेव्हलपमेंट चालू असताना साईट मेथड लोकल ठेवायची, म्हणजे तो आपल्याच फोल्डरमधून कोड कॉपी करून घेतो, कोड बदलला की मेक, पॅकेजचं नाव, डॅश रिबिल्ड, एवढंच. आमच्याकडे पेडण्याहून येणारा एक नवीन पोरगा आहे, त्याला हे दाखवलं तर म्हणाला दादा हे तर नुसतं मेकच आहे. होय रे बाबा, नुसतं मेकच आहे, त्याचेच तर मार्क दिलेत.

आता कापलेला स्टार. डिपेंडन्सी दोन ठिकाणी लिहावी लागते, कॉन्फिग.इनमधे सिलेक्ट आणि एमकेमधे परत डिपेंडन्सीज. पहिली मेनूसाठी, दुसरी बिल्डच्या क्रमासाठी. दुसरी विसरली तरी बरेचदा बिल्ड होतं, कारण ती लायब्ररी दुसऱ्या कुणामुळे तरी आधीच बनलेली असते, आणि मग एक दिवस कुणीतरी क्लीन बिल्ड करतो, क्रम बदललेला असतो आणि हेडर सापडत नाही. यावर इलाज आहे, पर-पॅकेज डिरेक्टरीचा ऑप्शन चालू करा, मग प्रत्येक पॅकेजला फक्त त्याने मागितलेलं आणि त्याला पुढे लागणारंच दिसतं आणि बहुतेक चोरी लगेच पकडली जाते. अजून त्यावर एक्सपेरिमेंटल असं लिहिलेलं असतं पण माझ्या मते नवीन पॅकेज तपासायला तरी वापराच. शिवाय सिलेक्ट केलेल्या लायब्ररीला थ्रेड किंवा सी++ लागत असेल तर तो डिपेंड्स-ऑन आपल्या कॉन्फिगमधेही उतरवावा लागतो, आपोआप येत नाही.

दुसरं म्हणजे मेनूतून पॅकेज काढलं तरी आऊटपुटच्या टार्गेट फोल्डरमधली त्याची फाईल जात नाही, बांगड्याचा डबा धुतला तरी वास राहतो तसं. मेक, पॅकेजचं नाव, डॅश डिरक्लीन केलं तरी तो फक्त त्याचा बिल्ड फोल्डर उडवतो. टूलचेनचा (कंपायलर आणि त्याच्या सोबतची टूल्स) किंवा मुळातला काही ऑप्शन बदलला तरी तेच, बिल्डरूट काय काय परत बनवायचं हे ओळखत बसत नाही, सरळ मेक क्लीन करून सगळं पहिल्यापासून. हे मॅन्युअलमधे स्वच्छ लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही, तरी वेळ जातो तो जातोच. तयार टूलचेन वापरली तर बराच वाचतो.

योक्टो, म्हणजे याच कामाची दुसरी, जास्त मोठी बिल्ड सिस्टम, ती का नाही असं विचारणारे येणारच. पाच प्रकारचे बोर्ड, प्रत्येक गिऱ्हाईकाला वेगळी इमेज, फील्डमधे पॅकेज-पॅकेज अपडेट करायचंय, तर योक्टोच घ्या, काय बदललं ते तो नीट ओळखतो आणि तेवढंच बनवतो. बिल्डरूट अख्खी रूट फाईलसिस्टम देतो, टार्गेटवर पॅकेज मॅनेजर वगैरे नाही. आमचा एक बोर्ड, एक इमेज, अपडेट करायचं तर पूर्ण इमेज लिहायची, आम्हाला योक्टोच्या लेयर आणि रेसिपीचा तो पसारा झेपवायची गरजच नाही.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मेक सोर्स चालवलं की लागणारे सगळे टारबॉल (सोर्सच्या गठ्ठा-फाईली) आधीच उतरवून घेतो, पावसात नेट आणि लाईट दोन्हीचा भरवसा नसताना हे फार कामाला आलं. आणि मेक लीगल-इन्फो, सगळ्या लायसन्सची यादी आणि सोर्स एका फोल्डरमधे, फक्त एमकेमधे लायसन्स नीट भरलेलं पाहिजे.

पैसे शून्य, जीपीएल (ओपन सोर्स लायसन्स) आहे. दर तीन महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं, पण प्रॉडक्टसाठी फेब्रुवारीचंच घ्या, जास्त काळ फिक्स त्यालाच मिळतात.