मोठा मेनू की मजकुरातल्या लिंक्स?

चोपड्यात आमचं ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि त्याची वेबसाइट मीच सांभाळतो. आसपासच्या कुणी साइट काढायची म्हटली की हा प्रश्न येतोच: सगळा माल वरच्या मेनूत पोटमेनूंसकट मांडायचा, की मेनू आटोपशीर ठेवून मजकुरातूनच एका पानावरून दुसऱ्या पानाकडे लिंक द्यायची? मी दोन्ही करून पाहिलंय.

मेनूची बाजू काही लंगडी नाही. एकदा मांडला की तो प्रत्येक पानावर असतो, त्यामुळे नवं पान बेवारस पडून राहत नाही. पानाचा पत्ता बदलला तर दुरुस्ती एकाच जागी. एका पानावर शंभराच्या आत लिंक्स ठेवा, असं गुगल पूर्वी सुचवायचं. तो दंडक केव्हाच गेला. जळगावच्या एखाद्या सराफाची साइट असेल, बांगड्या-पाटल्या-मंगळसूत्रं अशी ठरलेली दालनं असतील, तर मेनूच बरा. तिथे गिऱ्हाइकाला काय हवं ते आधीच माहीत असतं.

माझं बिनसलं ते एका बारीक बाणावरून. मोबाइलवर तीन आडव्या रेघा दाबल्या की यादी खाली येते. 'फिल्टर' असं नाव आणि त्याच्या उजवीकडे तांदळाच्या दाण्याएवढा बाण. नावावर बोट पडलं तर सगळ्या फिल्टरचं पान उघडतं, बाणावर पडलं तरच पोटमेनू. भर उन्हात बांधावर उभा असलेला माणूस मातीच्या हाताने तो बाण कसा धरणार? तो सरळ फोन लावतो, "दादा, फिल्टरनी जाळी कोठे शे?"

तेवढ्यावर भागलं असतं. फोनवरही माल जातोच. पण त्याच बाणाशी गुगलचा बॉट, म्हणजे साइटची पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅमही अडकत होता. थीमची, म्हणजे साइटच्या तयार साच्याची रचना अशी, की बाण दाबल्यावर स्क्रिप्ट (पानातला छोटा प्रोग्रॅम) पोटमेनू आणून ठेवणार. बॉट स्क्रिप्ट चालवतो, बटणं दाबत बसत नाही. शिवाय लिंक म्हणून तो भरवशाने धरतो ती 'ए' टॅगमध्ये 'एचरेफ' असलेलीच, म्हणजे पानाच्या कोडमध्ये पुढच्या पानाचा पत्ता लिहिलेली. संगणकावर हाच मेनू ऐसपैस उलगडलेला दिसायचा, पण त्याचा काय उपयोग? गुगल आता साइट मोबाइलच्या रूपातच वाचतं. तो बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये पुरा झाला. साइटमॅपमुळे, म्हणजे गुगलला दिलेल्या पानांच्या यादीमुळे, जाळी, व्हेंचुरी, एंड कॅप अशा सुट्या भागांची पानं त्याला ठाऊक होती, पण इंडेक्स काही होत नव्हती, म्हणजे शोधात येण्यासाठी नोंदली जात नव्हती. साइटच्या आतून त्यांच्याकडे वाटच नव्हती ना!

तुमच्या मेनूचं काय, ते पाहायला फार खटाटोप नको. मोबाइलवर नावावर बोट दाबून धरा. 'नवीन टॅबमध्ये उघडा' आलं तर ती खरी लिंक. पोटमेनू बॉटला दिसतो का, हे सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात पानाची लाइव्ह तपासणी करून तिथल्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, शोधता येतं.

मजकुरातल्या लिंकचं तसं नाही. केळीचे दोन हंगाम, कांदेबाग आणि मृगबाग. त्यातल्या कांदेबागेच्या ठिबकवर आमचं एक पान आहे. त्यात 'लॅटरलच्या टोकाला पाणी पोचत नसेल तर आधी स्क्रीन फिल्टरची जाळी धुवा' असं वाक्य आहे आणि 'स्क्रीन फिल्टरची जाळी' हे शब्दच लिंक आहेत. (लॅटरल म्हणजे ठिबकची बारीक नळी.) पुढच्या पानावर काय आहे ते गुगलला त्या शब्दांवरून कळतं. मेनूतल्या नुसत्या 'जाळी'वरून काय कळणार, ठिबकची की कोंबड्यांच्या खुराड्याची? मृगबागेच्या आणि ॲसिड ट्रीटमेंटच्या (ठिबकच्या नळ्या आम्लाने साफ करण्याच्या) पानांवरूनही अशाच लिंक्स दिल्या आणि जाळीचं पान शोधात दिसू लागलं. आता दुकानात येणारी निम्मी चौकशी तिथूनच येते, असं मला तरी वाटतं. हंगामाचाही त्यात वाटा असेल, नाही म्हणत नाही.

यातही कटकट आहे. मुळात लिहावं लागतं. नुसती मालाची नावं आणि भाव असलेल्या साइटवर लिंक द्यायची कुठे? हौसेने प्रत्येक ओळीत लिंक घातली तर वाचणारा वैतागतो. 'इथे क्लिक करा' लिहून तर काहीच साधत नाही. आणि पान हलवलं की जुन्या लिंक्स शोधत फिरावं लागतं. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारा ३०१ रीडायरेक्ट टाकला तरी मी त्या हाताने बदलतोच.

तरी आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, मेनूत पाच-सहा नावं, पोटमेनू नाही, बाकी सगळं मजकुरातून. मोठ्या मेनूची थीम आधीच विकत घेतली असेल तर लगेच टाकून देऊ नका. साइट बनवणाऱ्याला एवढंच सांगा, की पोटमेनूच्या लिंक्स पहिल्यापासून एचटीएमएलमध्ये असू दे, सीएसएसने, म्हणजे पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडने, झाकल्या तरी चालतील. तो 'जमणार नाही' म्हणाला तर मात्र मेनू छाटा.