स्पॅनिश शिकायचंय? तक्तेवाला क्लास की इतिहास-संस्कृतीवाला

स्पॅनिशचा क्लास निवडताना बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एका क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून क्रियापदांचे तक्ते, दुसऱ्यात भाषेसोबत स्पेन आणि लॅटिन अमेरिकेचा इतिहास, नकाशे, गाणी. मी दोन्ही केलेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

तक्त्यांना नावं ठेवू नका. चार-सहा महिन्यांत देले (DELE, स्पॅनिशची अधिकृत प्रमाणपत्र परीक्षा) द्यायची असेल तर सरळ तोच क्लास घ्या, स्पॅनिशमध्ये भूतकाळाचीच अनेक वेगवेगळी रूपं आहेत आणि ती घोकल्याशिवाय तोंडात बसत नाहीत. फक्त तिथे 'का' विचारलं की उत्तर मिळत नाही.

आता 'ओखाला' हा शब्द घ्या. पहिल्या क्लासमध्ये वहीत लिहून घेतलं, ओखालानंतर सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका वगैरे सांगणारं क्रियापदाचं रूप), आणि तरी दर वेळी चुकायचे. दुसऱ्या क्लासमध्ये मॅडमनी आधी ७११ साल सांगितलं, तेव्हा मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या, त्यांचं ग्रानादाचं शेवटचं राज्य १४९२ मध्ये गेलं, एवढ्या शतकांत ढिगाने अरबी शब्द भाषेत मुरले आणि ओखाला त्यातलाच, मूळ अर्थ 'देवाची इच्छा असेल तर'. मग डोक्यात एकदम लख्ख पडलं, इच्छा म्हटल्यावर 'पाऊस पडतो' कसं चालेल, 'पाऊस पडो'च पाहिजे ना! ओखाला युएवा. परत कधी चुकले नाही. साखरेला ते 'आसूकार' म्हणतात, तोही अरबीतून गेलेला आणि त्याच्या मुळाशी आपली शर्करा, हे कळल्यावर तो शब्द पाठ करावाच लागला नाही.

अर्जेंटिनात आपल्या 'तू'ला स्पॅनिशमधलं 'तू' (tú) न म्हणता 'वोस' का म्हणतात हेही इतिहासातूनच कळतं. स्पेनमध्ये वोस मागे पडून 'तू' आला, मेक्सिको आणि लिमा ही व्हाइसरॉयची ठिकाणं, तिथे स्पेनची नवी पद्धत लवकर पोचली, लांबच्या ब्वेनोस आयरेसकडे जुनं वोस टिकून राहिलं.

पण संस्कृतीच्या नावाखाली नुसते सणांचे फोटो आणि फ्लामेंको नाचाचे व्हिडिओ दाखवणारे क्लासही असतात, तिथे वर्षभराने एक वाक्य धड बोलता येत नाही. तसला असेल तर तक्तेवाला शंभर पटीने बरा.

परीक्षेची घाई नसेल तर माझं मत इतिहासवाल्याला, क्रियापदांचा सराव घरी रोज वीस मिनिटं स्वतः करायचा. फी भरण्याआधी डेमोमध्ये एक प्रश्न नक्की विचारा: 'उस्तेद' म्हणजे मानाने म्हटलेलं 'आपण', समोरच्याशीच बोलतोय, मग क्रियापद 'तो-ती'चं का लागतं? 'रूल आहे, पाठ करा' म्हणाले तर दुसरा क्लास बघा. उस्तेद हा 'वुएस्त्रा मेर्सेद'चा झिजलेला शब्द, दरबारी मानाचं संबोधन, आपण 'महाराज काय म्हणतात?' असं महाराजांनाच विचारतो ना, तसं. हे ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे नाव घाला.